सहा टिंबांसाठी रॉकेट?

काल कट्ट्यावर विषय निघाला तो माझ्या हातातल्या अँटेनावरून. स्टीलच्या मेजर टेपचे तुकडे पीव्हीसी पाइपवर बसवून केलेली. "यावर काय पकडतोस?" बंड्यानं विचारलं. म्हटलं, १९७४ सालचा उपग्रह.

तिथून गाडी पहिल्या ऑस्करवर, म्हणजे हॅम मंडळींच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) पहिल्या उपग्रहावर गेली. १२ डिसेंबर १९६१, कॅलिफोर्नियातलं व्हँडेनबर्ग. अमेरिकन हवाई दलाच्या रॉकेटवर, तोल राखायला नुसतं वजन ठेवतात त्या जागी हॅम मंडळींनी आपला साडेचार किलोचा डबा बसवून घेतला. तो मोर्समध्ये एवढंच म्हणायचा, 'हाय'.

"म्हणजे सहा टिंबं!" बंड्या उसळला. "एक्स्प्लोरर उपग्रहानं त्याच्या आधीच पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे शोधले होते. याला हौस म्हण, विज्ञान म्हणू नकोस."

मी कठड्यावर बोटानं वाजवून दाखवलं. चार, मग दोन. मग तेच जरा जलद. "फरक कळला? डब्यातलं तापमान बदललं की 'हाय'चा वेग बदलायचा. घड्याळ लावून मोजलं की आतली ऊब कळायची. ताकद १४० मिलिवॅट, टॉर्चच्या बल्बलाही याहून जास्त लागते. तरी २८ देशांतल्या ५७० हून जास्त हॅमनी नोंदी पाठवल्या. बंड्या, ते सगळे मिळून एक यंत्र होते रे!"

"पण सोलर पॅनल नव्हतं," अण्णा म्हणाले. "तीन आठवड्यांत बॅटरी संपली, खेळ खलास. हॅमसाठीचा आपला भारतीय उपग्रह, हॅमसॅट बघ. २००५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, २०१४ पर्यंत चालला. त्यालाही शेवटी बॅटरीच नडली."

"अण्णा, मी पकडतो तो १९७४ चा ऑस्कर ७ पण बॅटरीनंच मारला. १९८१ मध्ये ती शॉर्ट झाली, सगळं गप्प. २००२ मध्ये तोच शॉर्ट सुटला, पॅनलची वीज थेट आत जाऊ लागली आणि एकवीस वर्षांनी तो बोलायला लागला! आता ऊन असेपर्यंत बोलतो, सावलीत गेला की बंद."

"तो योगायोग," बंड्या म्हणाला.

"शॉर्ट सुटला हा योगायोग. पण इतकी वर्षं अंतराळात काढून आतलं सर्किट शाबूत राहिलं, त्याचं काय?"

बंड्या जरा थांबला. "सातवा मान्य. पहिला नाही."

मी पुन्हा कठड्यावर वाजवायला लागलो, तोवर अण्णांनी अँटेना उचलून आकाशाकडे धरली होती. "कुठल्या बाजूनं उगवतो रे हा?"