‘सगळे सीकॉक बंद करा’? कॉकपिटचे सोडून!

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातल्या मांडवी-झुआरी नद्यांत शिडाच्या होड्या ठेवणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो: ‘होडी मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या बोयाला बांधून) सोडताना सगळे सीकॉक (होडीच्या बुडातल्या भोकांवरचे व्हॉल्व्ह) बंद करा. कॉकपिट (मागची बसायची उघडी जागा) सेल्फ-ड्रेनिंग आहे, पाणी आपोआप जातं. ड्रेनवर बारीक जाळी बसवा, कचरा आत जाणार नाही. होज (ड्रेनचा लवचीक पाइप) कडक झाला तर बाजारातला कुठलाही पाइप चालतो.’ चार वाक्यं, आणि त्यातली पहिली दोनच एकमेकांना खोडतात.

कॉकपिटचं पाणी ज्या होजमधून खाली उतरतं, त्याच्याच टोकाला सीकॉक असतो. तो बंद केला की कॉकपिटचा हौद झाला. 1 मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. बाकांसकट अडीच चौरस मीटरच्या कॉकपिटमध्ये 100 मिमीच्या रात्रीत 250 लिटर साठतात. पाव टन वजन, तेही होडीच्या मागच्या टोकाला. हे पाणी बाकांखालच्या लॉकरांच्या झाकणांतून बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या तळाच्या पोकळीत, झिरपतं. तिथला पंप सुरू होतो खरा, पण जुलैच्या ढगाळ हवेत सोलर पॅनेल बॅटरी पुरेशी भरत नाही. मग पंपही थांबतो. म्हणून टॉयलेट, सिंक, इंजिन यांचे सीकॉक बंद आणि कॉकपिटचे उघडे. ज्यांचं पाणी थेट मागच्या फळीतल्या भोकांतून बाहेर पडतं, त्यांना हा प्रश्नच नाही.

उघडा सीकॉक म्हणजे चवथीपर्यंत अख्खी होडी त्या होजच्या आणि तो आवळणाऱ्या क्लॅम्पच्या भरवशावर. इथे ‘कुठलाही पाइप’ सर्वांत महाग पडतो. बागेचा पारदर्शक पाइप उन्हाने कडक होतो, वळणावर दुमडतो, मग तिथेच चिरतो. तारेचं वेटोळं असलेला जाड मरीन होज घ्या. प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. लोहचुंबक जवळ न्या: पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू मात्र हलक्या प्रतीचा, असा माल सर्रास मिळतो, चुंबक स्क्रूला घट्ट चिकटला तर क्लॅम्प परत करा. हार्डवेअरच्या दुकानातला पितळी बॉल व्हॉल्व्हही नको. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि उरतं ते ठिसूळ तांबं. खरवडून पाहा, आत गुलाबी रंग दिसला तर तो बदला, आणि ब्राँझचा बसवा. होज निसटला तर भोकात ठोकायला शेजारी मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा.

आता जाळी. बारीक जाळी कचरा अडवते, म्हणजे पाणीही अडवते. तिवराची चार पानं आणि वेफर्सचं एक पाकीट, एवढ्यात ती बंद. आडवी एक पट्टी असलेली मोकळी जाळी पुरे. खरा फरक भोकाच्या व्यासात आहे: 25 ऐवजी 38 मिमी केलं तर क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून जास्त. तपासायला ड्रेन बुजवा, 15 लिटरच्या दहा बादल्या ओता, बोळे काढा आणि घड्याळ बघा. 38 मिमीचे दोन ड्रेन मोकळे असतील तर पाणी मिनिट-दीड मिनिटात जायला हवं. तीन मिनिटं लागली तर कुठेतरी अडलंय. मग डिंगीचा (हवा भरायच्या छोट्या होडीचा) पायपंप वरून लावून दाब द्या. तार घालू नका, होजला भोक पडतं. ॲसिडही नको, ते व्हॉल्व्हचा धातू खातं. दाबाने सुटलं नाही, तर बाहेरच्या तोंडात बहुधा बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचाचे समुद्री जीव) बसले आहेत. ते पाण्यात उतरून खरवडावेच लागतात.

‘आपोआप’ हा शब्दही अटीवरचा. कॉकपिटचा तळ बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच असेल तेवढंच ते खरं. आउटबोर्ड (मागे लटकवायचं इंजिन), डिझेलचे कॅन आणि तिघं मागे बसले की शांत नदीतही ड्रेनमधून पाणी वर येऊन पाय भिजतात. तसं होत असेल तर आधी वजन पुढे सरकवा.

मेअखेरीस होडी किनाऱ्यावर ओढणार असाल तर नाळ (होडीचं पुढचं टोक) थोडी उंच ठेवा, म्हणजे पाणी मागच्या कोपऱ्यांतल्या ड्रेनकडे जाईल. ड्रेन पुढच्या कोपऱ्यांत असतील तर उलट.