राजदूत पाठवा, पण बोलू देऊ नका

माणूस आणि परग्रहवासी यांच्यातल्या मुत्सद्देगिरीवर विज्ञानकथांची मालिका लिहायला घेतलीत, अभिनंदन. आता पहिलं काम करा: मुत्सद्देगिरी मालिकेबाहेर काढा. तिच्यात शहाणीसुरती मंडळी चार-चार दिवस एका स्वल्पविरामावर अडून बसतात. वाचकाला ते नकोच असतं असं गृहीत धरा, नाहीतर मसुदे तुम्हालाच लिहावे लागतील.

सुरुवात अनुवादयंत्राने करावी. तिसऱ्या पानाच्या आत ते नायकाच्या कानात बसलं पाहिजे. त्याला विनोद, शिव्या, कविता सगळं कळतं. फक्त एक शब्द त्याच्याकडून अनुवादित होत नाही: परग्रहवासीयांचा 'सन्मान' या अर्थाचा शब्द. तो तिरक्या अक्षरांत छापावा, मध्ये एखादं अवतरणचिन्ह घालावं. झाली त्यांची संस्कृती तयार.

या टप्प्यावर वुचालेच्या तहाबद्दल काहीही वाचू नका. १८८९ साली इटली आणि इथिओपिया यांनी तो केला, एक प्रत इटालियन, एक अम्हारिक. सतराव्या कलमानुसार इथिओपियाला परराष्ट्रव्यवहारासाठी इटलीची मदत 'घेता येईल' असं अम्हारिक प्रतीत होतं; इटालियन प्रतीनुसार ती 'घ्यावीच लागेल'. म्हणजे एका प्रतीत शेजारधर्म, दुसऱ्या प्रतीत मांडलिकत्व. त्यातून वाद, वादातून युद्ध, आणि १८९६ साली अडव्याला इटलीचा दणदणीत पराभव. एका क्रियापदावर एवढं रामायण घडतं हे कळलं, की परग्रहाच्या व्याकरणात 'येईल' आणि 'लागेल' वेगळे आहेत का, याचा विचार करावा लागतो. मराठीत लिहिणाऱ्याची तर आणखी पंचाईत. यंत्र म्हणालं, "आपण माघार घ्यावी." आता हे 'आपण' म्हणजे दोन्ही पक्ष, की आदराने फक्त तुम्ही? या एका वाक्यावर अख्खा खंड निघतो. म्हणून ते टाळा. यंत्र अचूक आहे, संपलं.

परग्रहाला एकच भाषा, एकच झगा, एकच स्वभाव द्यावा. योद्धे असतील तर सगळे योद्धे. त्यांच्याकडे भांडी कोण घासतं, हे विचारू नये. पृथ्वीच्या बाजूने एक अध्यक्ष नेमावा आणि त्याला कोणी निवडलं ते सांगू नये. वास्तवात १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोनेरी तबकडी चढवली, तेव्हा बाहेरच्यांना नुसते नमस्कार-चमत्कार करायला आपल्याला ५५ भाषा लागल्या (त्यांत मराठीही आहे). परग्रहाचा संदेश सापडलाच, तर आंतरराष्ट्रीय सल्लामसलतीशिवाय उत्तर धाडू नये, असं तत्त्व संशोधकांनी १९८९ साली लिहून ठेवलं. म्हणजे पहिली वाटाघाट माणसांचीच माणसांशी. तिच्यात परग्रहवासी येतच नाहीत, मुखपृष्ठावर काय छापणार?

शरीररचना स्वस्तात उरकावी. दोन हात, दोन पाय, कपाळावर चार वळ्या. मिथेनच्या वातावरणात राहणारा पाहुणा आणलात, की बैठकीची खोली बांधावी लागते: मधे भक्कम काच, दोन्हीकडे वेगळा दाब, वेगळं तापमान. त्याच्या बाजूचं मिथेन आपल्या हवेत गळून साधारण ५ ते १५ टक्क्यांवर पोचलं, तर ठिणगी पडताच स्फोट. शनीच्या टायटन या उपग्रहासारख्या थंडीतला, म्हणजे उणे १८० अंशांच्या आसपासचा असेल, तर हस्तांदोलनात कोणाचा तरी हात जाईल. काच कोणी पुसायची, हासुद्धा शिष्टाचाराचाच प्रश्न. त्यापेक्षा वळ्या बऱ्या.

टेबलाबद्दल एक ओळही लिहू नका. व्हिएतनामवरच्या पॅरिस वाटाघाटी टेबलाच्या आकारावरून कित्येक आठवडे अडल्या होत्या, कारण कोण कुठे बसतं यावरून कोणाला पक्ष म्हणून मान्यता मिळते ते ठरतं. जानेवारी १९६९ मध्ये एक गोल टेबल आणि बाजूला दोन छोटी आयताकृती टेबलं, असा तोडगा निघाला. तुमच्या पाहुण्याला बसताच येत नसेल तर? बघा, लगेच प्रकरण वाढलं.

१९६१ चा राजनैतिक संबंधांवरचा व्हिएन्ना करार तर कुलूपबंद ठेवा. त्याच्या २२ व्या कलमानुसार वकिलातीत तिच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय यजमान देशाचा माणूस पाऊल टाकू शकत नाही. आतून अमोनिया गळतोय आणि अग्निशमन दल फाटकावर ताटकळतंय, अशी वेळ येईल. २७ व्या कलमाप्रमाणे राजनैतिक बॅग, म्हणजे वकिलातीच्या टपालाची थैली, उघडता येत नाही, अडवता येत नाही. ती हलू लागली तरी. ३७ वं कलम दूताच्या घरातल्या कुटुंबीयांनाही संरक्षण देतं. पाहुणी एका वेळी चाळीस हजार अंडी घालणारी असली, तर चाळीस हजार जणांना अटकेपासून मुक्ती, आणि त्यांतली निम्मी दात येण्याच्या वयात. ९ व्या कलमाने यजमान कारण न देता दूताला परत पाठवू शकतो, पण मग तुमचा नायक दुसऱ्याच भागात घरी येतो.

अंतर शून्य ठेवा. प्रॉक्सिमा सेंटॉरी हा सूर्याला सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षं दूर, म्हणजे "मसुदा मान्य आहे का?" या प्रश्नाचं उत्तर यायला साडेआठ वर्षं. तोवर प्रश्न विचारणारं सरकार पडलेलं असतं. अटलांटिक महासागरानेही पुरेसा घोळ घातला आहे: ब्रिटन आणि अमेरिका यांनी २४ डिसेंबर १८१४ ला युरोपातल्या गेंट शहरात आपसातलं युद्ध थांबवणाऱ्या तहावर सह्या केल्या आणि ती बातमी पोचण्याआधी, ८ जानेवारी १८१५ ला, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला लढाई होऊन माणसं मेली. तुमच्याकडे क्षणात पोचणारा संदेश आहे. त्याचं भौतिकशास्त्र कोणी विचारलं, तर जहाजावर धोक्याची घंटा वाजवा.

घंटा वाजली की गोळीबार, गोळीबारानंतर तह. तह एका पानाचा असावा. पृथ्वीवर त्याला मंजुरी कोण देणार, हे वाक्य चुकून लिहिलं असेल तर खोडा. शेवटी नायक कानातलं यंत्र काढून जमिनीवर टाकतो आणि परग्रहवासीयाच्या डोळ्यांत, असलेच तर, रोखून पाहतो. दोघांना सगळं समजतं. कोणत्या भाषेत, असं विचारणाऱ्या वाचकाला पुढचा खंड विकू नका.