पाणी नक्की किती ओतायचं?

फळ्यावर एम१व्ही१ = एम२व्ही२ (एम म्हणजे मोलॅरिटी, व्ही म्हणजे आकारमान; १ पाणी घालण्याआधीचं, २ नंतरचं) लिहायचं, दोन गणितं सोडवायची, 'सोपं आहे, हातचे मार्क आहेत' म्हणायचं आणि पुढचा धडा उघडायचा. अकरावीत द्रावण विरल, म्हणजे पाणी घालून सौम्य, करायला असं शिकवतात. पुढे त्याच पोरांना १२ मोलॅर हायड्रोक्लोरिक ॲसिडपासून ०.१ मोलॅरचं २५० मिली द्रावण बनवायला सांगा. सूत्र तोंडपाठ असतं, पण बाटलीला हात कसा घालायचा ते एकालाही माहीत नसतं. संताप पोरांचा येत नाही, शिकवण्याच्या या पद्धतीचा येतो.

एक वाक्य आधी सांगायला काय जातं? पाणी घातल्याने द्राव्याचे, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचे, मोल बदलत नाहीत! मोल हे पदार्थाचे कण मोजायचं एकक, डझनासारखं; मोलॅरिटी म्हणजे लिटरमागे मोल. तिला लिटरमधल्या आकारमानाने गुणलं की मोल हाती येतात. पाणी ओतण्याआधी जेवढे, तेवढेच नंतर. एवढंच आहे ते सूत्र. कळलं तर पाठ करावंच लागत नाही.

कळत नाही म्हणून काय होतं बघा. २ मोलॅरचं १०० मिली द्रावण ०.५ मोलॅर करायला किती पाणी लागेल? २ × १०० ÷ ०.५ = ४००, आणि उत्तर ४०० मिली लिहून मोकळे. अरे, ४०० हे शेवटचं एकूण आकारमान आहे! १०० आधीच भांड्यात आहेत, पाणी लागेल ३००. ४०० ओतलंत तर एकूण ५०० होईल आणि मोलॅरिटी ०.४ वर येईल. तेच '१:१०' चं. कुणी एक भाग द्रावणात दहा भाग पाणी घालतं, म्हणजे अकरापट. कुणी एकूण दहा भाग करतं, म्हणजे दहापट. दोन्ही अर्थ वापरात आहेत, तर प्रश्नात स्पष्ट लिहा ना!

सगळ्यात चीड येते ती टायट्रेशनला, म्हणजे एक द्रावण दुसऱ्याला नेमकं किती पुरतं ते मोजण्याला, हेच सूत्र चिकटवतात तेव्हा. तिथे मोल टिकत नाहीत, अभिक्रियेत खर्च होतात. ०.१ मोलॅर कॉस्टिक सोड्याच्या १० मिलीला ०.१ मोलॅर सल्फ्युरिक ॲसिड ५ मिली पुरतं, कारण त्याचा एक मोल सोड्याचे दोन मोल संपवतो. एम१व्ही१ = एम२व्ही२ लावलं की उत्तर १० येतं, सरळ दुप्पट. नॉर्मॅलिटीत, म्हणजे अभिक्रियेतलं हे प्रमाण आधीच धरून मोजलेल्या तीव्रतेत, हे सूत्र चालायचं, म्हणून मोलॅरिटीतही तसंच ढकलून दिलं जातं.

आता ती ॲसिडची बाटली. तिच्यावर '१२ मोलॅर' असं सहसा नसतंच. वजनी ३७ टक्के आणि घनता १.१८ असं असतं. लिटरभर ॲसिडचं वजन ११८० ग्रॅम, त्याचे ३७ टक्के म्हणजे ४३६.६ ग्रॅम, भागिले ३६.५ (या ॲसिडच्या एका मोलचं ग्रॅममधलं वजन), म्हणजे जवळपास १२. मग ०.१ × २५० ÷ १२ = २.०८ मिली. हे १०० मिलीच्या मेझरिंग सिलिंडरने मोजता येत नाही. बारीक खुणांचं पिपेट (द्रव ओढून मोजायची नळी) आणि ओढायला रबरी बल्ब हवा, तोंडाने कधीच ओढायचं नाही, आणि काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात, करायचं. स्टँडर्ड फ्लास्कमध्ये (मानेवर २५० मिलीची खूण असलेल्या चंबूत) आधी शंभरेक मिली पाणी, त्यात ॲसिड, मग हलवून खुणेच्या खाली थोडं राहीपर्यंत पाणी, शेवटचे थेंब ड्रॉपरने, खालची वक्ररेषा खुणेला टेकेपर्यंत. बूच लावून उलटसुलट करायचं, नाहीतर जड द्रावण तळाशीच राहतं. २५० मिली पाणी मोजून त्यात ॲसिड घालायचं नाही, एकूण २५२ होतं. पाणी खुणेच्या वर गेलं तर वरचं काढून टाकून काही साधत नाही, कारण त्याबरोबर द्राव्यही जातं. पुन्हा पहिल्यापासून करा.

इतकं करूनही ते ०.१ अंदाजाचंच. उघडलेल्या बाटलीतून वायू उडत राहतो, म्हणून सोडियम कार्बोनेटशी टायट्रेट करून खरी मोलॅरिटी काढावी लागते. हे किती वर्गांत सांगतात? प्रॅक्टिकलला टेबलावर तयार बाटल्या येतात आणि मुलं फक्त ब्युरेटचा, म्हणजे टायट्रेशनच्या खुणांच्या उभ्या नळीचा, नळ फिरवतात.

विरल करायच्या सरावाला पोटॅशियम परमँगनेट हे गडद जांभळं रसायन तर प्रत्येक लॅबमध्ये असतं! ०.०२ मोलॅरचं १० मिली पिपेटने घेऊन १०० पर्यंत न्यायला लावा, त्यातलं १० पुन्हा १०० पर्यंत, पुन्हा एकदा. गडद जांभळ्यापासून ०.००००२ मोलॅरच्या फिक्या गुलाबीपर्यंत, परमँगनेटच्या टायट्रेशनच्या शेवटी दिसतो जवळपास तोच रंग. तीन फ्लास्क, एक पिपेट, एक तास. तेवढा तास द्या मुलांना.