जाहीरनाम्यातलं हिरवं पान कसं लिहावं

पक्षानं जाहीरनामा समितीवर घेतलं आणि वाटणीत 'पर्यावरण' आलं, म्हणून तोंड पाडून बसू नका. कर्जमाफी, वीजबिल, बहिणींचे हप्ते मातब्बरांनी आधीच उचलले, हे खरं. पण त्यांचं आश्वासन लोक पासबुकात शोधतात. तुमचं कुणी कुठे शोधणार?

आश्वासन रोपांचं द्यावं, झाडांचं कधीच नाही. झाडाला पत्ता असतो. आकडा मात्र ऐसपैस घ्या. राज्यात २०१६ साली २ कोटी रोपांचं लक्ष्य होतं, मग ४, मग १३ आणि २०१९ मध्ये थेट ३३ कोटी. या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती ठरली २०२१ मध्ये, तीही सरकार बदलल्यावर. म्हणजे निदान पाच वर्षं निश्चिंत राहा.

झाडाच्या भानगडीत पडलं की काय होतं, ते मुंबईच्या आरेत पाहा. तिथली झाडं तोडून मेट्रोच्या गाड्या ठेवायची कारशेड बांधायची होती. ऑक्टोबर २०१९, मतदान पंधरवड्यावर आलेलं. उच्च न्यायालयानं झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं आडवी. युतीतला एक पक्ष कारशेडच्या बाजूनं, दुसरा विरोधात, आणि मतं मागायला दोघं एकाच मांडवात! विकासवाला मतदार खूश, झाडवालाही खूश. पुढे कारशेड कांजूरमार्गला निघाली आणि २०२२ मध्ये आरेत परतली. झाडांना तेवढी परतीची सोय नव्हती.

सह्याद्रीवर लिहायची वेळ आलीच, तर 'स्थानिकांना विश्वासात घेऊन योग्य निर्णय घेऊ' एवढंच लिहा. हे वाक्य खाणवाल्यालाही चालतं, गाववाल्यालाही. सह्याद्रीचा, म्हणजे पश्चिम घाटाचा, किती भाग जपायचा यावर गाडगीळ समितीचा अहवाल २०११चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३चा. तेव्हापासून संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचे केंद्राचे मसुदेच निघताहेत. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ला, वायनाडमध्ये दरडी कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. मसुदा ही फार सोयीची चीज आहे. त्यावर हरकती मागवता येतात.

मुदत घालायचीच तर लांबची घाला. देशानं निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी, म्हणजे हवेत सोडू तेवढा कार्बन शोषूनही घेऊ यासाठी, २०७० साल धरलंय, ते बिनदिक्कत उचला. आज पंचविशीत असलेला उमेदवारही तोवर सत्तरीला टेकेल. आपल्याकडे सत्तरी हे राजकारणातलं उमेदीचं वय असतं, तेवढा धोका आहे.

आणि रस्ते-उद्योगांचं पान लिहिणाऱ्याशी जुळवून घ्या. त्याच्या सहापदरी महामार्गाच्या आड तुमचं जंगल येणारच. वाद घालू नका. 'पर्यायी वनीकरण करू' अशी ओळ त्याच्याच पानावर टाकायला लावा. तोडायचं एका जिल्ह्यात, लावायचं दुसऱ्या, असं नियमानं बसवता येतं. शिवाय ती रोपं तुमच्या कोटींतही धरता येतात.