दाजी, सुईचं मी सोडणार नाही

मंगळवारी सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा येऊन पडला. ‘अॅम्ब्युलन्सला फोन करण्याआधी हे पाच मुद्दे वाचा, एक जीव वाचेल’, आणि खाली हात जोडलेल्यांची रांग. पाठवणारे आमचे धाकटे दाजी. गेल्या वर्षी याच मेसेजपायी त्यांच्या सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, दहाही बोटांना सुया टोचून झाल्यात. मी तसं लिहिल्यावर दाजींचं उत्तर आलं, ‘सुईचं सोडा हो, बाकीचे मुद्दे चांगले आहेत.’

बाकीचे मुद्दे बघूच. पण सुईचं मी सोडणार नाही.

मेसेज म्हणतो, अंगावरून वारं गेलं तर रुग्णाला जागचं हलवू नका. गाडीच्या धक्क्यांनी मेंदूतल्या बारीक नसा फुटतात. त्याऐवजी दहाही बोटांच्या टोकांना सुई टोचून थेंबभर रक्त काढा. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा, मग कानाच्या पाळ्यांनाही टोचा. माणूस पूर्ववत झाला की मगच दवाखान्यात न्या. हे म्हणे चीनमधल्या कुणा प्राध्यापकाचं ज्ञान. प्राध्यापकाला नाव नाही, विद्यापीठाला गाव नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. गाव पाटण तालुक्यात. काकांनी सहाला चहा घेतला तेव्हा ते ठणठणीत होते. साडेसहाला कप हातातून निसटला, तोंड डावीकडे ओढलं गेलं, बोलणं घोगरं झालं. काकूने शेजारच्या मुलाला हाक मारली, त्याने मोबाइलवरून हा मेसेज वाचून दाखवला आणि गोधडी शिवायची सुई बाहेर आली. बोटं झाली, कान झाले. मग सगळे ‘पूर्ववत’ व्हायची वाट बघत बसले. साडेनऊला कुणीतरी जीप आणली. कराडला पोचून डोक्याचा स्कॅन होईपर्यंत सव्वाअकरा वाजले होते.

आता वेळेचं गणित. पक्षाघात बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने होतो. ती विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण त्याला मुदत असते. आधी ती तीन तासांची मानत. २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये युरोपातली मोठी चाचणी छापून आली, तेव्हापासून साडेचार तास धरतात. साडेसहा अधिक साडेचार म्हणजे अकरा. आम्ही पंधरा मिनिटांनी हुकलो. मुदतीच्या आत पोचलो तरी जितकं लवकर तितकं बरं, कारण रक्त अडलेल्या मेंदूतल्या सरासरी १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला मरतात. काकूने सुईला दोरा ओवला असता तेवढ्या वेळात किती, ते दाजींनीच मोजावं.

शिवाय काही पक्षाघात गुठळीने नाही, तर रक्तस्रावाने होतात. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, फरक स्कॅनमध्येच कळतो. म्हणून घरात अॅस्पिरिन द्यायची नाही. गिळता येत नसतं म्हणून पाणीसुद्धा पाजायचं नाही. आणि बोटाच्या टोकातून काढलेल्या थेंबाने मेंदूतली गुठळी हलत नाही, हे सांगायला प्राध्यापक लागत नाही.

एक मात्र खरं. बोटाला सुई दवाखान्यातही टोचतात, पण ती साखर बघायला. साखर फार उतरली तरी माणूस पक्षाघात झाल्यासारखा दिसू शकतो. एक थेंब, मशीनवर, अर्ध्या मिनिटात. गोधडीची सुई नाही.

बाकीचे मुद्दे आता भराभर.

‘एकटे असताना छातीत कळ आली तर जोरजोरात खोकत राहा, हृदय चालू राहील.’ अमेरिकन हार्ट असोसिएशनने या खोकल्याला आपली मान्यता नाही असं स्पष्ट सांगितलंय. रुग्णालयात मशीन लावलेल्या रुग्णाला, हृदयाची लय अचानक बिघडली तर डॉक्टर क्वचित खोकायला सांगतात. तिथून ही पुडी सुटली. तुम्ही १०८ लावा, दाराची कडी काढून ठेवा आणि टेकून बसा. स्वतः गाडी चालवत निघू नका.

‘१०८ ला फोन केला की पोलीस केस होते, तुम्ही साक्षीदार म्हणून अडकता.’ काकांना घरात वारं गेलं, त्यात पोलीस कशाला येतील? रस्त्यावरच्या अपघाताबद्दल म्हणत असाल, तर मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजीच मान्य केलीत. २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ म्हणून आलं. नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

‘१०८ वाले नंतर पैसे मागतात.’ महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि मोफत आहे. दवाखान्याच्या दारातली खासगी गाडी वेगळी, तिला पैसे पडतात.

‘रेंज नसली तरी ११२ लागतो.’ हे अर्धं खरं. तुमच्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर लागू शकतो. टॉवरच नसेल तर कुठलाही आकडा लागत नाही, कोयनेच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना हे मी काय सांगायचं. तिथे एकाने रुग्णाजवळ थांबायचं आणि दुसऱ्याने रेंज मिळेल त्या टेकाडावर पळायचं.

दाजी म्हणाले, ‘गाडी यायला तासभर लागतो, त्याचं काय?’ कबूल. काही गावांत उशीर होतो, मी तो पाहिलाय. पण त्यावर उपाय सुई नाही. फोन करून विचारायचं, गाडी कुठून निघतेय आणि किती वेळ लागेल. दारात जीप उभी असेल आणि १०८ ला उशीर होणार असेल तर निघायचं. मात्र स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणीच, वाटेतल्या ओळखीच्या डॉक्टरकडे ‘एकदा दाखवून’ नाही. आमची पाऊण तासाची तीच चूक झाली.

फोनवर बोलायची पद्धतही घरात कुणाला माहीत नव्हती. काकूने शेवटी फोन लावला तेव्हा ती म्हणाली, ‘आमच्या घरी या लवकर’, आणि ठेवून दिला. १०८ चा फोन पुण्याला लागतो. तिथल्या माणसाला आपली आळी ठाऊक नसते. आधी जिल्हा, तालुका, गाव, मग खूण. मग काय झालं, किती वाजता झालं, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही.

काकूच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या पानाशेजारी मी एक कागद चिकटवलाय: ‘१०८. जिल्हा सातारा, तालुका पाटण, मग गावाचं नाव. कमानीतून आत, हौदाच्या डाव्या हाताला निळं दार.’ दाजींना त्याचा फोटो पाठवलाय. तो त्यांनी अजून कुठे फॉरवर्ड केलेला नाही.