गाढ झोपेत जाणीव असते का?

'क्वांटम फिजिक्सने अद्वैत सिद्ध केलं' असल्या पोस्ट दिसल्या की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात धड फिजिक्स नसतं की धड अद्वैत. चेतनेवर आपल्या दर्शनांमध्येच इतकी कडाक्याची भांडणं झालीयेत, ती कुणी वाचतच नाही.

एकच मुद्दा घ्या, स्वप्नसुद्धा न पडणाऱ्या गाढ झोपेचा. उठल्यावर आपण म्हणतो, मस्त झोप लागली, काही कळलंच नाही. वेदांती तिथेच पकडतो, म्हणतो की काही कळलं नाही हे तुला आठवतंय ना, मग ते न कळणं बघणारा साक्षी तिथे होताच, अनुभवच नसेल तर आठवण कशाची? मांडूक्य उपनिषद अवघ्या 12 मंत्रांचं, पण जागृती, स्वप्न, सुषुप्ती (म्हणजे गाढ झोप) आणि या तिघांपलीकडची चौथी, तुरीय, हे सगळं त्यात येतं. यावर नैयायिक, म्हणजे न्याय दर्शन मानणारे तर्कवादी, म्हणतात, ही आठवण नाहीच मुळी, हे उठल्यावर केलेलं अनुमान आहे, मधल्या वेळाचं काही आठवत नाही म्हणून आत्ता ठरवतोयस की तेव्हा काही कळत नव्हतं. त्यांच्या मते ज्ञान हा आत्म्याचा गुण खरा, पण मनाशी संयोग झाला तरच उपजणारा. म्हणजे गाढ झोपेत आत्मा आहे आणि जाणीव नाही! बौद्ध तर कायम टिकणारा आत्माच मानत नाहीत, चार्वाक चैतन्य देहातूनच आलं म्हणून मोकळे.

आता भूल देण्याच्या अभ्यासातली एक गोष्ट बघा. स्नायू सैल करणारं औषध हातात उतरू नये म्हणून दंडाला आधीच पट्टा आवळतात, मग भूल दिलेल्या पेशंटला सांगतात, ऐकू येत असेल तर माझा हात दाब. काही पेशंट दाबतात, आणि शुद्धीवर आल्यावर त्यातल्या बहुतेकांना यातलं काहीही आठवत नाही. मला हे फार मोठं वाटतं, कारण आठवत नाही म्हणून जाणीव नव्हती असं म्हणता येत नाही, म्हणजे नैयायिकांच्या अनुमानाचा आधारच इथे लंगडा पडतो, पण म्हणून वेदांत्यांचा साक्षी सिद्ध झाला असंही नाही हं, भुलेत ऐकू येणं आणि नुसता साक्षी असणं यात खूप अंतर आहे.

विज्ञानाकडेही तयार उत्तर नाहीये. मेंदूतली चेतनेची नेमकी खूण 25 वर्षांत सापडेल अशी वाईनची पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी 1998 मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी लावली होती, 2023 मध्ये कॉख जाहीरपणे हरले आणि वाईन देऊन टाकली.

झोपेतही साक्षीभाव टिकतो असं सांगणारे साधक इथे असतील तर मनापासून विचारतो, तो झोपेतच कळतो की उठल्यावर तसं वाटतं, हा फरक तुम्ही कसा करता? सविस्तर लिहा.