घाणेरीतली पिशवी

मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर मेसेज आला, "रविवारी सकाळी 6 ला सिद्धेश्वर वनविहारात कचरा वेचायचाय, कोण कोण येणार?" आणि स्क्रोल करताना माझा त्यावर अंगठा पडला. खरंच चुकून ओ! पण ग्रुपवरचा अंगठा म्हणजे स्टँपपेपरवरचा अंगठा, पुसायच्या आधीच अण्णांचं "शाब्बास" आलं.

रविवारी विजापूर रोडला गेटपाशी पोचलो तर अण्णा पोतं घेऊन हजर. वय 71, मिलमधनं रिटायर. "काय बे, उशीर?" म्हणत मला हातमोजे दिले, दोन्ही डाव्या हाताचे.

पाण्याच्या बाटल्या उचलायला सगळेच पुढं, कारण पोतं लगेच भरल्यासारखं दिसतं आणि भंगारवाला पण घेतो. खरा छळ गुटख्याच्या पुड्यांचा. राज्यात गुटखाबंदी 2012 पासनं हाय, म्हणजे ह्या पुड्या रानातच उगवत असणार. एवढीशी पुडी, पण तिच्यासाठी कमरेचा काटकोन करायचा, ती निम्मी मातीत गाडलेली, ओढली की कोपरा तेवढा हातात येतो, उरलेली काढायला परत वाका, आणि इतकं करून पोत्यात बघावं तर काहीच दिसत नाही. बरं, चकचकीत थर एकमेकांना चिकटवलेले असतात म्हणून भंगारवाला पण हिला हात लावत नाही. मोज्यात कुसळं शिरलेली, ती वेगळीच. अण्णा मात्र ताठ उभे राहून टकाटक पुड्या गोळा करत होते, त्यांनी घरनं काठीला खिळा ठोकून आणलेला.

"अण्णा, मला पण एक आणायची की."

"तू येशील असं वाटलं नव्हतं बे."

कुठंतरी मोर ओरडला. मला तर हसल्यासारखाच वाटला.

मग आली घाणेरी. झुडूप मूळचं अमेरिकेकडचं, पण नाव आमच्या पब्लिकनं सार्थ केलंय, आत चिप्सची पाकिटं, द्रोण, एक चप्पल (एकच! दुसरी घालून माणूस घरी कसा गेला असेल?) आणि सगळ्यात खाली एक जांभळी पिशवी. रंग वळखीचा वाटला. झटकली तर वर गणपती, "शुभविवाह", आणि खाली "सप्रेम भेट" म्हणून माझंच नाव.

साडूच्या पोरीच्या लग्नातली. 2018 ला प्लास्टिकबंदी आली त्याच्या पुढच्याच सीझनला लग्न होतं, आणि मीच मोठ्या रुबाबात म्हणलेलो की आहेराला कापडी पिशव्या वाटू, खर्च माझा. हाताला कापड लागतंय म्हणून कापडी, असतंय ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. इतके पावसाळे खाऊन पण अक्षर एक पुसलेलं नाही, आणि तेव्हा प्रिंटिंग भारीतलं करा म्हणून दुकानदाराशी भांडलेला पण मीच.

गपचूप घडी करून पोत्याच्या तळाला घालणार तेवढ्यात खिळा आला. अण्णांनी पिशवी वर उचलली, चष्मा पुसला, शांतपणे वाचली.

"आडनाव वळखीचं वाटतंय."

"लै घरं हायत ओ ह्या आडनावाची सोलापुरात."

"हां. आमच्याकडं पण हाय ही पिशवी, मेथी आणतो हिच्यातनं."

पुढं काही बोलले नाहीत. नाष्ट्याला कडक भाकरी आन शेंगाची चटणी होती, माझ्या पानात जरा जास्तच वाढली त्यांनी.

दुपारी ग्रुपवर फोटो पडला. मधी अण्णा, हातात काठी, खिळ्याला जांभळी पिशवी झेंड्यासारखी. नाव झूम न करता वाचता येतंय. आत्तापर्यंत 48 अंगठे आलेत, त्यात एक साडूचा.